पारच्या जुन्या पुलाजवळ एक रात्र : मुंबईहून गाडीने निघणाऱ्यांसाठी तंबू-मुक्कामाचे मार्गदर्शन

मुंबईहून महाबळेश्वर, सातारा किंवा त्याही पुढे कोल्हापूरकडे स्वतःच्या गाडीने निघालेली मंडळी बहुधा एका दमात अंतर कापतात, आणि वाटेत थांबलीच तर चहा, डिझेल आणि शौचालय एवढ्यापुरतीच थांबतात. हा लेख जरा वेगळ्या थांब्याविषयी आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेल्यावर, प्रतापगडाच्या पायथ्याशी, कोयनेच्या खोऱ्यात पार नावाचे गाव आहे. गावाजवळ कोयना नदीवर दगडी कमानींचा जुना पूल असून तो शिवकालीन मानला जातो. त्याच्या आसपास योग्य जागा पाहून एक रात्र तंबूत काढायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून पुढच्या वाटेला लागायचे, एवढाच बेत येथे मांडला आहे. दोन-तीन दिवसांच्या तळाचा विचार येथे केलेला नाही, कारण त्याची तयारी निराळी असते.

जागेविषयी थोडे आधी सांगितले पाहिजे. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी पारघाटाची जुनी वाट पारहून निघून खाली किनेश्वरकडे जाते, आणि रामवरदायिनी देवीचे मंदिर याच गावात आहे. जानेवारी १६५६ मध्ये जावळी स्वराज्यात आल्यानंतर प्रतापगड उभा राहिला, आणि १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीपूर्वी अफझलखानाची छावणी याच पारच्या परिसरात पडली होती. तेव्हा येथे तंबू ठोकणारे आपण पहिले नव्हे. त्या मुक्कामाचा शेवट महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. बाहेरून येऊन, खोऱ्याची माहिती न घेता तळ टाकणाऱ्याला हे खोरे आजही फारसे अनुकूल नाही, फक्त आता धोका नदीचा आणि थंडीचा असतो.

कधी जावे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ या मुक्कामासाठी योग्य आहे. जून ते सप्टेंबर या काळात येथे तंबू ठोकण्याचा विचारही करू नये. कोयनेचा उगम महाबळेश्वरच्या पठारावर आहे आणि तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ते पाणी थोड्या अंतरात मोठा उतार उतरून खोऱ्यात येते, त्यामुळे नदी तासाभरात रूप बदलते. आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि रस्ता अनेकदा बंद होतो. ऑक्टोबर फसवा महिना आहे, कारण दिवसा लख्ख ऊन पडते आणि संध्याकाळी परतीचा पाऊस गाठतो. मार्चनंतर नदीचे पात्र आटते, डोंगरावर वणवे लागू लागतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा एखादा जोरदार सडाका वरच्या अंगाला पडून गेला तर खाली कोरड्या वाटणाऱ्या पात्रात अचानक पाणी येऊ शकते.

तयारी सोसायटीच्या गच्चीवर

पहिली पायरी मुंबईतच पार पडते. नवा किंवा उसना आणलेला तंबू निघण्याच्या आठवडाभर आधी सोसायटीच्या गच्चीवर, किंवा सचिवांची परवानगी मिळत नसेल तर दिवाणखान्यातले सोफे सरकवून, एकदा पूर्ण उभा करावा. काठ्या किती, खुंट्या किती, बाहेरचे पावसाळी आच्छादन कोणत्या बाजूने चढते, हे सारे उजेडात एकदा हाताखालून गेले की रात्री टॉर्च दातांत धरून सूचनापत्रक वाचण्याची वेळ येत नाही. गच्चीवर असल्यास आच्छादनावर बादलीभर पाणी ओतून पाहावे; शिवणीतून पाणी झिरपत असेल तर ते येथेच कळलेले बरे.

तंबू दुहेरी थराचा असावा, म्हणजे आतला जाळीदार आणि बाहेरचा जलरोधक थर वेगळा असावा. चार जणांचा म्हणून विकला जाणारा तंबू प्रत्यक्षात तीन जणांना पुरतो, कारण मुंबईकर माणूस सामान उशाशी घेऊनच झोपतो. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटे लहान असावी. ती बाहेर आली तर दव किंवा पाऊस तिच्यावर साचून थेट तंबूखाली शिरतो. याशिवाय प्रत्येकी एक उबदार झोपण्याची पिशवी, जमिनीचा गारवा अडवणारी फोमची चटई, डोक्याला बांधायची टॉर्च, कानटोपी, प्रथमोपचाराची पेटी, दहा-पंधरा मीटर दोरी, एक छोटी कुदळ किंवा खुरपे आणि रिकाम्या गोणी घ्याव्यात. गोणी कशासाठी, ते पुढे येईल. मुंबईत डिसेंबरमध्येही पंखा लावून झोपणाऱ्यांना थंडीची कल्पना नसते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, आणि पार त्याच तालुक्यात आहे, एवढे लक्षात ठेवून कपडे भरावेत.

वाट आणि वेळ

मुंबईहून पनवेल, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड आणि पोलादपूर अशी राष्ट्रीय महामार्ग ६६ ची वाट धरावी. पोलादपुरातून महाबळेश्वरकडे वळणारा रस्ता आंबेनळी घाटाने वर चढतो. वाडा कुंभरोशी येथे प्रतापगडाचा फाटा लागतो, तेथे पारची वाट विचारून घ्यावी, कारण फोनवरचा नकाशा या भागात ऐनवेळी मुका होतो. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा. इंधन महाड किंवा पोलादपूर येथे भरून घ्यावे.

पहाटे पाचच्या आत चेंबूर किंवा वाशी सोडावी. लांब सुट्टीच्या दिवशी इंदापूर आणि माणगाव येथे वाहने तुंबतात, आणि तेथे गेलेला दीड तास पुढे कोठेच भरून निघत नाही. वेळेचा हिशेब उलटा करावा, म्हणजे मुंबईतून कधी निघायचे यापेक्षा पारला कधी पोहोचायचे ते आधी ठरवावे. दुपारी तीनपर्यंत पुलाजवळ पोहोचणे आवश्यक आहे. खोरे खोल असल्याने डिसेंबरात सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि उजेड कमी होतो, आणि जागा निवडण्याचे सारे काम उजेडावर अवलंबून आहे. महाडला पोहोचल्यावर ‘आलोच आहोत तर रायगड करून जाऊ’ असा प्रस्ताव गाडीतून हमखास येतो. तो नामंजूर करावा. रायगडाला स्वतंत्र दिवस लागतो, आणि प्रतापगडही दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावा.

महाडजवळ सावित्री नदी ओलांडताना एक गोष्ट आठवणीत ठेवावी. येथला ब्रिटिश काळातील, १९२८ साली बांधलेला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बसगाड्यांसह काही वाहने वाहून गेली. आज आपण ज्या पुलावरून जातो तो त्यानंतर बांधलेला आहे. पूल वरून धडधाकट दिसतो तेव्हाही वेगाचे पाणी खांबांच्या पायाखालची माती आणि वाळू उकरत असू शकते, आणि गाडीत बसलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून पूर असताना कोणत्याही जुन्या पुलावर थांबून पाणी पाहत राहू नये. कुंडमळ्याची घटना तर अलीकडचीच आहे. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, तळेगावजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला.

आंबेनळी घाट चढताना फारसा त्रास होत नाही, मात्र वळणांवर हॉर्न द्यावा आणि वर येणाऱ्या एसटीला आधी वाट द्यावी. परतीला हाच घाट उतरायचा असेल तर ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे. ब्रेकवर पाय दाबून धरत उतरल्यास ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणांवर दगा देतात.

जागा निवडणे : पुलालाच विचारावे

या लेखातला महत्त्वाचा भाग हा आहे, आणि तो मी चुकून शिकलो. पहिल्या खेपेस आम्ही महामार्गावरच्या कोंडीमुळे अंधार पडल्यावर पारला पोहोचलो. टॉर्चच्या उजेडात पाण्यालगतची वाळूची सपाट पट्टी आयती बिछान्यासारखी दिसली आणि तिथेच तंबू ठोकला. वाळूत खुंट्या धरेनात, म्हणून दोऱ्यांना दगड बांधले. रात्री दोन वाजता थंडीने दात वाजू लागले आणि तंबूच्या छतावरून दव ठिबकू लागले. पहाटे गुरे घेऊन आलेले एक आजोबा आमच्याकडे बघत उभे राहिले, काठी उचलून त्यांनी पुलाच्या कमानीकडे दाखवले आणि म्हणाले, “पोरांनो, तिकडं बघा. पाणी कुठवर येतंय त्ये ह्यो पूलच सांगतोय.” कमानीच्या सांध्यात, आमच्या डोक्याच्या बऱ्याच वर, वाळलेल्या गवताचा गुंडा अडकला होता आणि त्यात निळ्या पट्ट्याची एक स्लीपर होती. ती तिथे कोणी ठेवायला गेले नव्हते.

जुना पूल हे नदीचे मोजमाप असते, हे त्या स्लीपरने शिकवले. ज्याने पूल बांधला त्याने रस्ता किती उंच ठेवायचा हे पूर पाहून, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारूनच ठरवलेले असणार. म्हणून माझा पहिला नियम असा आहे की पुलावरच्या रस्त्याच्या पातळीखाली तंबू ठोकायचा नाही. डोळ्यांनी पातळी जुळवणे कठीण वाटत असेल तर पुलाच्या टोकाला उभे राहून नजर समोर आडवी न्यावी आणि त्या नजरेच्या रेषेत किंवा तिच्या वर जी मोकळी जागा दिसेल तीच पाहायला जावे. हा नियम उंच कमानींच्या पुलालाच लागू आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर ठिकठिकाणी दिसणारे ठेंगणे फरशी पूल पावसाळ्यात पाण्याखाली जाणार हे गृहीत धरूनच बांधलेले असतात, त्यामुळे त्यांच्या उंचीवरून काहीच ठरवता येत नाही.

पुलावरून पूर वाचण्याची पद्धत गावाकडची असली तरी सरकारी यंत्रणाही तेच करते. सांगलीत कृष्णेवर १९२९ सालचा आयर्विन पूल आहे, आणि पावसाळ्यात त्या शहराच्या पुराच्या बातम्या याच पुलाजवळच्या पातळीवर चालतात : ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या महापुरात ती पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. पारच्या पुलावर आकड्यांची पट्टी रंगवलेली नसली तरी खुणा तशाच वाचता येतात. खांबांवर शेवाळाची काळपट रेघ कोठे संपते ते पाहावे. काठावरच्या झाडांच्या फांद्यांत प्लास्टिक आणि पाचोळा किती उंचीवर लोंबकळतो ते पाहावे. काठावरचे गवत सगळे एकाच दिशेला, नदीच्या उताराकडे विंचरल्यासारखे पडलेले असेल, तर त्या गवतावरून पाणी गेलेले आहे. गोटे गुळगुळीत आणि मोकळे असतील तर ती नदीची जागा आहे; दगड कोनेदार, मातीत रुतलेले आणि वर दगडफूल धरलेले असतील तर तेथवर पाणी सहसा येत नाही.

पुलाच्या कोणत्या अंगाला थांबावे, हाही प्रश्न विचार करण्याजोगा आहे. पूर आला की कमानींमध्ये लाकडे आणि पाला अडकतो, वाट अरुंद होते आणि पुलाच्या वरच्या अंगाला पाणी फुगते. म्हणून वरच्या अंगाची सखल जागा अधिक धोक्याची असते. कमानीतून जोराने बाहेर पडणारे पाणी खालच्या अंगाचा तळ खणत राहते आणि तेथे खोल डोह तयार होतात. उन्हाळ्यात गुडघाभर दिसणारे पाणी कमानीच्या थेट खाली अचानक पुरुषभर असू शकते. त्यामुळे मुलांना पोहायला कमानीखाली सोडू नये. पोहायचेच असेल तर पुलापासून दूर, तळ दिसतो अशा उथळ ठिकाणी, आणि तेही गावकऱ्यांना विचारून.

पुलापासून शंभर-दीडशे पावले दूर राहणे सर्व दृष्टींनी सोयीचे ठरते. जवळ थांबल्यास रात्री येणाऱ्या दुचाकीच्या दिव्याचा झोत थेट तंबूत येतो आणि पहाटे दुधाची गाडी उठवते. थोड्या उंचीवर आणखी एक लाभ आहे. थंड हवा जड असल्याने रात्री उताराने खाली सरकते आणि नदीच्या तळाशी साचते. पंधरा-वीस फूट वर गेले तरी दव कमी पडते आणि झोप लागते. त्या पहिल्या रात्री आम्ही जो गारठा सोसला तो निम्मा तरी आमच्याच निवडीचा होता. जागा पक्की करण्यापूर्वी मान वर करून झाडाची वाळलेली फांदी डोक्यावर नाही ना, हे पाहावे, आणि मागच्या डोंगरउतारावर सुटे दगड दिसत असतील तर तेथून हलावे.

गावात विचारणे

नदीकाठची जमीन कोणाची तरी असतेच. ती शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर असेल, गावठाणाची असेल किंवा वनखात्याची असेल, आणि बाहेरच्या माणसाला हे पाहून कळत नाही. म्हणून सामान उतरवण्यापूर्वी गावात जावे, सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटावे, किती माणसे आहेत आणि उद्या किती वाजता निघणार ते सांगावे आणि गाडीचा क्रमांक देऊन ठेवावा. जमीनमालक कळला तर त्याच्या घरी जाऊन विचारावे. वनखात्याची हद्द निघाली तर तेथे परवानगीविना मुक्काम करू नये आणि राखीव वनात आग तर मुळीच पेटवू नये, तो कायद्याने गुन्हा आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे येथील निर्बंध इतर ठिकाणांपेक्षा कडक आहेत. नकार मिळाला तर वाद घालू नये. वाडा कुंभरोशी किंवा महाबळेश्वर येथे खोली मिळते, आणि पूल दुसऱ्या दिवशी सकाळी पाहता येतो.

बोलणे सुरू कसे करावे, याची मुंबईकरांना उगाच धास्ती असते. जावळी खोऱ्यातल्या पुष्कळ घरांतला एक तरी माणूस मुंबईत किंवा नवी मुंबईत माथाडी, गुमास्ता किंवा आणखी कोणत्या कामावर असतो. “काका, मुंबईला घरचं कोण असतं?” एवढे विचारले की कोपरखैरणे, घणसोली, मशीद बंदर अशी नावे निघतात आणि पाच मिनिटांत ओसरीवर चहा येतो. याच ओघात पाणी कोठले प्यावे, गवे कोणत्या बाजूने उतरतात, यंदा बिबट्या कोणी पाहिला का, हेही विचारून घ्यावे. रात्रीचे जेवण गावातल्या एखाद्या मावशींकडून पिठले-भाकरी सांगून घेतले तर आपली निम्मी कटकट वाचते. त्याचे पैसे मात्र आधी बोलून ठरवावेत आणि घासाघीस करू नये.

तंबू, चूल, पाणी

तंबूचे दार वाऱ्याच्या उलट दिशेला आणि शक्यतो पूर्वेकडे ठेवावे. खुंट्या तंबूच्या विरुद्ध बाजूला झुकवून, तिरप्या ठोकाव्यात. बाहेरचे आच्छादन आतल्या कापडाला टेकणार नाही इतके ताणावे, कारण जेथे दोन थर एकमेकांना चिकटतात तेथूनच दव आत येते. झरोके पूर्ण बंद करण्याचा मोह थंडीत होतो, पण श्वासाची वाफ बाहेर गेली नाही तर तीच पहाटे डोक्यावर ठिबकते.

स्वयंपाक लहान गॅस शेगडीवर करावा. शेगडी किंवा कोळशाची शेकोटी तंबूत कधीही नेऊ नये. बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वास किंवा ठसका न देता माणसाला झोपेतच मारतो. हाच नियम काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणाऱ्यांनाही लागू आहे. मूगडाळीची खिचडी, भाजलेला पापड आणि घरून आणलेला ठेचा, याहून मोठा बेत करू नये. अंधारात कांदे चिरण्यात काही मौज नाही.

पिण्याचे पाणी मुंबईहून माणशी चार लिटर न्यावे आणि कमी पडल्यास गावातून घ्यावे. नदीचे पाणी स्वच्छ दिसले तरी वरच्या अंगाला गुरे पाण्यावर येतात आणि कपडे धुतले जातात, म्हणून ते खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नये. भांडी थेट नदीत धुऊ नयेत. पाणी बादलीत काढून काठापासून दूर, राखेने किंवा थोड्या साबणाने धुवावीत आणि ते पाणी मातीत ओतावे. शौचासाठी गावातली सोय मिळाली तर उत्तम. नाहीतर नदीपासून किमान शंभर पावले दूर, वाटेपासून बाजूला, वीतभर खोल खड्डा खणून नंतर बुजवावा. वापरलेले कागद आणि सॅनिटरी पॅड पुरू नयेत, कारण ते कुत्री उकरतात. त्यासाठी वेगळी बंद पिशवी ठेवावी. मघाच्या गोणी कचऱ्यासाठी आहेत : एक आपल्या कचऱ्यासाठी आणि दुसरी आधीच्या पर्यटकांनी ठेवलेल्या प्रसादासाठी.

पुलाशी वागणूक

पूल हा गावचा रस्ता आहे, हे छायाचित्रे काढणाऱ्यांनी सतत ध्यानात ठेवावे. त्यावर गाडी उभी करू नये आणि कठड्यावर बसून पाय सोडू नयेत. कठड्याला दोरी बांधून झुला टांगणे, दगडावर नावे कोरणे हे तर सांगण्याच्याही पलीकडचे आहे. कमानीखाली आडोसा मिळतो म्हणून शेकोटी पेटवणारे लोक मी पाहिले आहेत. आगीच्या झळीने काळ्या दगडाचे पापुद्रे सुटतात आणि सांध्यांतला चुना भुसभुशीत होतो. तीन-साडेतीन शतके नदीने जे केले नाही ते चार लाकडे करू शकतात. जुन्या पुलाच्या खांबांची प्रवाहाकडची बाजू बहुधा टोकदार घडवलेली असते, पाणी दुभंगून जावे आणि वाहून आलेली झाडे खांबाला आडवी न बसता बाजूला सरकावीत म्हणून. पाण्याची पातळी कमी असताना काठावरून ही घडण निवांत पाहावी. सकाळचे तिरपे ऊन पडले की दगडांचे सांधे एकेक करून उठून दिसतात.

शेकोटी न पेटवण्याचे दुसरे कारण आग्या मोहोळ हे आहे. उंच कमानी, कडे आणि मोठी झाडे या आग्या माश्यांच्या आवडत्या जागा आहेत, आणि हा मुलूख मधमाश्यांचाच आहे; याच तालुक्यातले मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पोहोचल्यावर प्रथम कमानींच्या पोटाकडे आणि आसपासच्या झाडांकडे नजर टाकावी. काळसर, लोंबते पोळे दिसले तर धूर, उग्र अत्तर, ड्रोन आणि दगडफेक या चारही गोष्टी टाळून जागा बदलावी. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड झाकून गाडीत शिरावे आणि काचा लावाव्यात. पाण्यात उडी मारण्याचा सल्ला ऐकू नये. माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि खाली डोह असतो.

रात्र

अंधार पडण्यापूर्वी पाण्याच्या काठावर, अगदी रेघेवर, एक पांढरट दगड ठेवावा आणि झोपण्यापूर्वी तो जागेवर आहे का ते पाहावे. हिवाळ्यात तो हलणार नाही, तरीही ही सवय लावून घ्यावी, कारण पुढे कधी दुसऱ्या नदीवर तिचा उपयोग होईल. पाणी गढूळ होणे, पाने आणि काटक्या वाहत येणे किंवा खळखळीचा सूर जाड होणे ही वर पाऊस झाल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी तंबू आवरत न बसता माणसांनी आधी वर जावे. पारच्या बाबतीत कोयनेचे मोठे धरण खालच्या अंगाला आहे, त्यामुळे त्याच्या विसर्गाची भीती येथे नाही. ज्या पुलांच्या वरच्या अंगाला धरण आहे, उदाहरणार्थ धोम धरणाखालची वाईची कृष्णा, तेथे मात्र आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढू शकते. अशा ठिकाणी पाणी सोडण्याच्या सूचना आधी पाहाव्यात आणि भोंगा वाजला तर पात्रातून लगेच बाहेर पडावे.

खाण्याचे सारे सामान गाडीत बंद करावे, कारण रानडुकरांना आणि कुत्र्यांना तंबूचे कापड अडवत नाही. बूट तंबूच्या आत, उलटे करून ठेवावेत आणि सकाळी झटकून घालावेत. दगडांच्या फटीत फुरसे असते आणि ते रात्री हिंडते, म्हणून लघवीला उठतानाही टॉर्च आणि बूट यांना पर्याय नाही. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. हात किंवा पाय न हलवता माणसाला गाडीत घालून महाबळेश्वर किंवा पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयाकडे निघावे आणि वाटेत जेथे फोन लागेल तेथून १०८ किंवा ११२ ला कळवावे. गाडीचे तोंड यासाठीच रस्त्याकडे करून ठेवलेले असावे आणि किल्ली कोणाकडे आहे ते सर्वांना माहीत असावे. गवा दिसला तर त्याच्यावर झोत रोखू नये, त्याला वाट द्यावी. गाणी मोठ्याने लावू नयेत. खोऱ्यात आवाज फार लांब जातो आणि गावाला पहाटे उठायचे असते.

सकाळ आणि परत

ऊन खोऱ्यात उशिरा उतरते, त्यामुळे तंबू जागेवर वाळण्याची वाट पाहत बसल्यास अकरा वाजतात आणि प्रतापगड भर उन्हात चढावा लागतो. ओला तंबू तसाच गुंडाळून वेगळ्या पिशवीत घालावा. जागा सोडण्यापूर्वी सर्वांनी ओळीने उभे राहून एकदा जमीन पाहत चालावे. हमखास दोन खुंट्या आणि एक चमचा सापडतो. खणलेले खड्डे बुजवावेत, दोऱ्यांना बांधलेले दगड जागेवर ठेवावेत, पोलीस पाटलांना निघालो म्हणून सांगून यावे, आणि भरलेल्या गोणी जिथे कचऱ्याची गाडी येते अशा मोठ्या गावापर्यंत गाडीतूनच न्याव्यात. रामवरदायिनीचे दर्शन घेऊन वाडा कुंभरोशीला पोहोचले की तेथून प्रतापगड, महाबळेश्वर किंवा परतीचा घाट, जो बेत असेल तो धरता येतो.

घरी पोहोचल्यावर, कितीही दमलेले असले तरी, तंबू त्याच रात्री पिशवीतून काढून बाल्कनीतल्या दोरीवर पसरावा आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात उलटसुलट वाळवावा. मुंबईच्या दमट हवेत ओल्या कापडावर दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके उमटतात आणि ते धुऊनही जात नाहीत.